मक्तेदाराच्या पैशावर मक्तेदारीशी झुंज

इंटरनेटवरील शोधसेवेत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली आहे, असा निर्णय वॉशिंग्टन येथील न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिला. उपाय कोणता योजावयाचा, हे त्यांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी सांगितले. गूगलने आपला ‘क्रोम’ ब्राउझर विकून टाकावा, ही सरकारची मागणी त्यांनी फेटाळली. इतरांना वगळणाऱ्या करारांना त्यांनी बंदी केली; परंतु आपली शोधसेवा पुढे ठेवण्यासाठी इतर कंपन्यांना पैसे देण्याची मुभा कायम ठेवली. या मुभेने ज्यांना हायसे वाटले, त्यांत ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर चालविणारी मोझिला ही क्रोमची प्रतिस्पर्धी संस्थाही होती! हा विरोधाभास समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

संकेतस्थळे उघडून वाचण्याचे साधन म्हणजे ब्राउझर. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीचा ब्राउझर आला आणि लोकप्रिय झाला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ आणला आणि लवकरच तो विंडोजबरोबर फुकट देऊ केला. जे संगणकाबरोबर आयतेच मिळते, त्यासाठी पदरमोड कोण करणार? अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा २००० मधील आदेश पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने रद्द केला. तथापि मक्तेदारीचा ठपका कायम राहिला. तोवर नेटस्केप खचली होती. मात्र १९९८ मध्येच तिने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांना खुली केली होती. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला.

स्पर्धा संपली की विजेता सुस्तावतो. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, सातवी थेट २००६ मध्ये. या सुस्तीला धक्का दिला तो नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सने. जगभरच्या स्वयंसेवकांनी त्याला हातभार लावला. मराठीतही तो त्यांच्यामुळेच उपलब्ध झाला. पाच-सहा वर्षांत जगातील सुमारे पाव वापर त्याच्याकडे आला.

परंतु ब्राउझर बांधणे हे केवळ हौसेचे काम नव्हे. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग गूगलकडून येतो, तो फायरफॉक्समध्ये गूगलची शोधसेवा आधीपासून निवडून ठेवल्याबद्दल. त्याच गूगलने २००८ मध्ये क्रोम आणला आणि फायरफॉक्सचा वाटा घटत घटत थोड्या टक्क्यांवर आला. २०२५ च्या मे महिन्यात मोझिलाच्या वित्तप्रमुखांना न्यायालयात सांगावे लागले, की हे पैसे थांबले तर फायरफॉक्सचे अस्तित्वच धोक्यात येईल. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ असे म्हणतात. मोझिला टाळी वाजवीत नाही हे खरे. पण पोळी त्याच घरची आहे.

अशा संस्थेची खरी पुंजी म्हणजे विश्वास. २०१७ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेच्या जाहिरातीचा जोडप्रोग्रॅम वापरणाऱ्यांना न विचारता फायरफॉक्समध्ये घातला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘तुमची माहिती आम्ही कधीही विकणार नाही’ हे वचन मजकुरातून गळाले. काही ठिकाणच्या कायद्यांत ‘विक्री’ची व्याख्या फार व्यापक आहे, हा खुलासा खोटा नसेल, पण ज्याने सचोटीच्या नावावर माणसे जोडली, त्याला शब्दांची अशी कसरत शोभत नाही.

मग फायरफॉक्स बुडाला तर बिघडले कोठे? क्रोम, एज, ऑपेरा ही नावे निराळी असली तरी आतील इंजिन एकच, मुख्यत: गूगलचे. ॲपलचे इंजिन वगळले तर व्यापक वापरातील स्वतंत्र इंजिन उरते ते फायरफॉक्सचेच. ते गेले, तर संकेतस्थळे कशी लिहावीत याचे नियम व्यवहारात एक-दोन कंपन्याच ठरवतील.

विशेष म्हणजे मोझिला प्रतिष्ठानला दिलेली देणगी फायरफॉक्सच्या बांधणीला लागत नाही. ब्राउझर बांधते ती त्याची निराळी कंपनी. उलट त्याच कुटुंबातला ‘थंडरबर्ड’ हा टपालाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर उभा आहे. हा मार्ग फायरफॉक्ससाठीही मोकळा व्हावयास हवा. गूगलची सारी रक्कम त्यातून भरून निघणार नाही. परंतु स्वातंत्र्याचा थोडा तरी खर्च ते उपभोगणाऱ्यांनीच सोसला पाहिजे. तो प्रतिस्पर्ध्याने सोसावयाचा, तर ते स्वातंत्र्य त्याच्या मर्जीपुरतेच टिकते.