‘डेफ’ म्हणजे कोण? कागदावरचा शब्द आणि घरातलं माणूस

मैत्रिणींनो, कानाच्या तपासणीचा कागद किंवा दिव्यांग प्रमाणपत्र घरात आलं की त्यावर एक इंग्रजी शब्द असतो. कुठे ‘डेफ’, कुठे ‘हार्ड ऑफ हिअरिंग’, तर कुठे ‘हिअरिंग इम्पेअरमेंट’. आपण कागदाची घडी घालून पेटीत ठेवतो आणि शेजारणीला सांगतो, “बहिरा आहे म्हणे.” तिन्ही शब्दांना आपल्याकडे एकच शब्द. पण या तिन्हींचा अर्थ एक नाही, आणि ज्या घरात असं माणूस आहे त्या घराला तो फरक माहीत असलेला बरा.

‘हिअरिंग इम्पेअरमेंट’ हे मोठं गाठोडं समजा. ऐकण्यात दोष, एवढाच त्याचा अर्थ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्या गाठोड्यात दोन वेगळे गट केले. दोन्ही कानांत बोलण्याच्या आवाजासाठी ७० डेसिबलची घट असेल तर तो ‘डेफ’. ही घट ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘हार्ड ऑफ हिअरिंग’, म्हणजे आपल्या भाषेत कमी ऐकू येणारा. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात ही विभागणी नव्हती. त्यात जो कान चांगला आहे त्याची घट ६० डेसिबल किंवा जास्त असली की सरसकट ‘हिअरिंग इम्पेअरमेंट’. म्हणून जुना आणि नवा कागद शेजारी ठेवला की शब्द वेगळे दिसतात. त्यावरून कोणी फसवलं असं समजू नका.

आता हे डेसिबल काय? दूध लिटरनं मोजतो, तसा आवाज डेसिबलनं मोजतात. कानाशी केलेली कुजबुज साधारण ३० डेसिबल, ओट्यावर बसून दोघी बोलतो ते ६० च्या आसपास. ज्याच्या कानात ६० ची घट आहे, त्याला आपलं रोजचं बोलणं जेमतेम कानावर पडतं किंवा पडतच नाही. मोठ्यानं हाक मारली तर कळते. म्हणूनच घरात भांडण होतं, “हाक मारली तं ऐकू येते, मग कामाचं सांगितलं तं कसं येत नाई?” सोंग नसतं ते. आवाजाची उंचीच वेगळी असते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: ७० डेसिबल म्हणजे ७० टक्के नव्हे. टक्के वेगळे काढतात, दोन्ही कानांची मोजणी धरून. योजनांसाठी बहुतेक ठिकाणी टक्के विचारतात आणि तिथे ४० ही वेस आहे. यूडीआयडी कार्डाचा रंगही टक्क्यांवर असतो. ४० च्या खाली पांढरा पट्टा, ४० पासून ८० च्या आतपर्यंत पिवळा, ८० आणि पुढे निळा. एकाच कानानं ऐकू येत नसेल, दुसरा ठणठणीत असेल, तर कायद्याच्या व्याख्येत ते माणूस ‘डेफ’ बसत नाही, कारण कायदा दोन्ही कान म्हणतो. हे आधी माहीत असलं तर बुलडाण्याच्या खेपा आणि गाडीभाडं वाचेल.

जाता जाता सांगते, कचेरीत ‘डेफ’ हा शब्द नीट उच्चारा. गर्दीत ‘डेफचं सर्टिफिकेट’ हे ‘डेथचं सर्टिफिकेट’ असं ऐकू जायला वेळ लागत नाही. सरळ ‘कानाचं दिव्यांग प्रमाणपत्र’ म्हणावं.

कायद्याबाहेरही हा शब्द जगतो. जे लोक लहानपणापासून खुणांच्या भाषेतच बोलतात, त्यांच्यातले बरेच जण स्वतःला अभिमानानं ‘डेफ’ म्हणवतात आणि इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर मोठं लिहितात, जसं आपण गावाचं किंवा भाषेचं नाव लिहितो. ‘इम्पेअरमेंट’ त्यांना आवडत नाही, कारण त्यात बिघाड असा अर्थ येतो. त्यांचं म्हणणं, आमच्यात बिघाड नाही, आमची भाषा वेगळी आहे. ही भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र सरकारची संस्था निघाली, तिच्या शब्दकोशात १० हजार शब्द आहेत आणि ते मोबाईलवर व्हिडिओत बघता येतात. आपल्या राज्यात मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचं काम करते.

‘डेफ अँड डंब’ हा जुना जोडशब्द मात्र टाकून द्या. ‘डंब’ म्हणजे मुका, पण इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ मठ्ठ असा आहे. आपल्याकडे ‘मूकबधिर’ शाळांच्या पाट्यांवर अजून दिसतो. त्यात शिवी नाही, पण चूक आहे. ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचा गळा, जीभ, सगळं ठीक असतं. शब्द कानावर पडला नाही म्हणून तोंडातून आला नाही, एवढंच. आणि ‘बहिरा’ हा शब्द तरी कुठून आला? ‘बधिर’चंच ते बोलीतलं रूप. त्यामुळे ‘कर्णबधिर’ सभ्य आणि ‘बहिरा’ गावंढळ, असं मला वाटत नाही. “अगं ए बहिरे” म्हणणं वाईट, ते म्हणण्याच्या सुरामुळे. नाव असताना नावानं हाक मारावी.

मला खरी काळजी आपल्या गटाच्या बैठकीची वाटते. आपल्यात कितीतरी जणी अशा आहेत की ज्यांना कमी ऐकू येतं, पण कागद नाही, तपासणी नाही. वय झालं म्हणून, लहानपणी कान फुटला म्हणून, वर्षानुवर्षं जिनिंगमध्ये काम केलं म्हणून. त्या मागे बसतात, बाकीच्या हसल्या की हसतात. कर्जाचा ठराव होतो, हप्ता ठरतो, “तिले मागून सांगू” म्हणतात आणि अंगठा घेतात. मागून कोणी सांगत नाही. हप्ता थकला की तिला कळतं की व्याज किती होतं. त्यांना तोंड दिसेल असं समोर बसवा. ओरडू नका, ओरडल्यानं ओठ वेडेवाकडे होतात आणि कळतं त्याहून कमी कळतं. रक्कम बोटांनी दाखवा किंवा पाटीवर लिहा. अंगठ्याआधी तिच्याकडून आकडा परत म्हणून घ्या.

आणि लहान लेकरांचं. भांडं पडलं तरी दचकत नाही, सहा महिन्यांचं होऊनही आवाजाकडे मान वळवत नाही, वर्षाचं झालं तरी नावाला ओ देत नाही, तर “मुलं उशिरा बोलतात, त्याचा बापही उशिरा बोलला” असं म्हणत थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, जन्मापासूनचा बहिरेपणा त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. आशाताईंना सांगा, लेकराला त्या दिवशी मामाच्या गावाला पाठवू नका. इतक्या लहान मुलाला विचारून तपासता येत नाही, म्हणून ‘बेरा’ नावाची तपासणी असते. लेकरू झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून करतात. दुखत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं यंत्र, केंद्राच्या योजनेतून मोफत मिळायचं तर जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला वयाची पाच वर्षांची अट आहे. सहाव्या वर्षी शाळेत नाव घालताना जे लक्षात येतं, ते या योजनेसाठी उशिरा लक्षात आलेलं असतं.