एकोणपन्नासाचा चकवा

घड्याळाची तबकडी, वर्गाच्या दारावरची पाटी, राजेरजवाड्यांच्या नावांमागचे आकडे आणि जाड ग्रंथांच्या प्रस्तावनेची पाने! एवढ्या ठिकाणी रोमन आकडे अजून मानाने नांदत आहेत. शाळकरी मुलांना ते शिकावेच लागतात. मग एखाद्या संध्याकाळी प्रश्न येतो, "बाबा, एकोणपन्नास कसे लिहायचे हो?" बाबा चटकन सांगतात, "पन्नासाला एल, एकाला आय. एलच्या आधी आय मांड, झाले!" आणि दुसऱ्या दिवशी वहीवर तांबडी फुली येते.

या चकव्यात मराठीचाही हात आहे. एकोणपन्नास म्हणजे एकाने उणे पन्नास. कानाला जे ऐकू येते तेच हात लिहून जातो. मौज अशी, की लॅटिन भाषाही एकोणिसाला 'वीसात एक कमी' असेच म्हणे. पण लिहिताना रोमन लोक सहसा तसे करीत नसत. आय हे अक्षर फक्त व्ही (५) आणि एक्स (१०) यांच्यातूनच वजा होते; एक्स फक्त एल (५०) व सी (१००) यांतून; आणि सी फक्त डी (५००) व एम (१०००) यांतून. तेव्हा एकोणपन्नासातले चाळीस आधी, नऊ मागून: एक्स-एल, मग आय-एक्स.

मुलांना घोकंपट्टीऐवजी एक सोपी युक्ती सांगावी. संख्येची हजार, शतक, दशक, एकक अशी फोड करावी आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र लिहावा. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन अक्षरे मांडत जावे. उदाहरण नागपूरचेच घेऊ. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले तोच हा दिवस, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. हजाराचा एम. आठशेचे डी-सी-सी-सी. सत्तरचे एल-एक्स-एक्स. सातचे व्ही-आय-आय. चार आकड्यांच्या सालाला अकरा अक्षरे! नागपूर विद्यापीठाचे १९२३ त्या मानाने आटोपशीर: एम, मग नऊशेचे सी-एम, वीसाचे एक्स-एक्स, तिनाचे आय-आय-आय.

एकच अक्षर लागोपाठ तीनदाच यावे, असा शाळेतला नियम आहे. पुष्कळ घड्याळांवर मात्र चाराच्या जागी सरळ चार आय उभे असतात. मुलाने तेवढे बोट दाखवले तर रागावू नये. ती घड्याळवाल्यांची जुनी रीत आहे. मोठ्या संख्यांसाठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देतात, म्हणजे ते हजारपट होते. सीवर रेघ दिली की झाला एक लाख.

आपल्या राज्यघटनेतही या आकड्यांची एक गंमत आहे. तिच्या भागांना क्रमांक रोमन आहेत. त्यांतील सतराव्या भागात, म्हणजे एक्स-व्ही-आय-आयमध्ये, ३४३ वे कलम येते, आणि संघराज्याच्या कामकाजासाठी 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' वापरावे, असे ते सांगते!

आता चतुर मूल विचारील, शून्याला काय लिहायचे? काहीच नाही. विधान भवनाजवळ चार घोडे आणि उंच स्तंभ असलेले 'झीरो माइल' नागपूरकरांच्या परिचयाचे आहे. तेथील सर्वेक्षण खात्याच्या उंचीच्या खुणेवर १९०७ साल आहे. रोमनमध्ये ते एम-सी-एम-व्ही-आय-आय. दशकाच्या घरातले शून्य मागमूस न ठेवता नाहीसे झाले, तरी साल बरोबर वाचता येते. पण त्या स्थळाच्या नावातले शून्य? ते रोमन पाथरवटाला कोरायला सांगितले असते, तर त्याच्या सात अक्षरांत त्यासाठी एकही सापडले नसते.