काळा घोडा किती फूट? बडोद्यात नव्याने राहणाऱ्यांसाठी विश्वामित्रीची ओळख

दर वर्षी जून-जुलैत जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिककडची मुलं-मुली शिकायला किंवा नोकरीला बडोद्यात येतात. कुणी युनिव्हर्सिटीजवळ फतेगंजात पी.जी. घेतं, कुणी मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागतं आणि मांजलपुरात तिघांत मिळून फ्लॅट करतं. महिन्याभरात सेव-उसळ कुठे चांगली मिळते ते कळतं, नवरात्रीच्या पासची चौकशी सुरू होते, गुजराती कानाला सरावते. आपली इथलीच पुढची पिढीही दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे सोडून समा, वडसर, कलाली अशा बाजूंना राहायला गेली आहे. या सगळ्या तरुण मंडळींना शहर चांगलं ठाऊक असतं, नदी मात्र फारशी नसते. म्हणून ऑगस्टात घरातले आजोबा फोनवर पहिला प्रश्न "काळा घोडा किती?" असा का विचारतात, ते इथे सांगतो आहोत.

काळा घोडा म्हणजे सयाजीगंजातला सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा. त्याच्याजवळच्या पुलावर विश्वामित्रीची पातळी मोजतात. तिथे साधारण 25-26 फूट ही धोक्याची पातळी धरली जाते. दुसरा आकडा असतो आजव्याचा. तो 210 ते 214 फुटांच्या घरात फिरतो. नव्या माणसाला वाटतं, नदी 20 फूट आणि तलाव 212 फूट, हे काय गणित आहे? या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, त्यांची एकमेकींशी वजाबाकी करायची नसते. आजव्याचा आकडा पुढे काय येऊ शकतं ते सांगतो आणि काळा घोड्याचा आकडा आत्ता शहरात काय आहे ते.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. शहराच्या पूर्वेला, साधारण वीस किलोमीटरवर आजवा, म्हणजे सयाजी सरोवर आहे. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते शहराला पिण्याचं पाणी देण्यासाठी बांधलं. मातीचा बांध आहे आणि आजही त्याचं पाणी शहर पितं. पूर अडवणं हा त्याचा मूळ हेतू नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाण्यासाठी तलाव भरलेला हवा आणि पुरासाठी रिकामा हवा, अशी ही ओढाताण दर पावसाळ्यात चालते. पातळी ठरावीक रेषेवर गेली की 62 दरवाज्यांतून पाणी विश्वामित्रीकडे सुटतं. शेजारच्या प्रतापपुऱ्याच्या तलावाचं पाणीही त्याच वाटेला लागतं. हे पाणी शहरात पोचायला काही तास घेतं.

सगळा धोका त्या काही तासांत आहे. पाऊस थांबतो, ऊन पडतं, मुलं चहाच्या टपरीवर येतात, आणि नदी चढत असते. 2024 साली हेच झालं. 26 ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, मुसळधार पाऊस झाला. पुढे त्याचा जोर कमी झाला तरी नदी चढतच राहिली आणि काळा घोड्याजवळ 35 फुटांच्या वर गेली. कित्येक वस्त्यांत दोन-तीन दिवस पाणी हटलं नाही, लष्कर बोलवावं लागलं. त्याआधीचा 31 जुलै 2019 चा पूर वेगळ्या जातीचा होता. तेव्हा एका दिवसात शहरावरच सुमारे 20 इंच पाऊस कोसळला, म्हणून रस्ते आधी तुंबले आणि नदीची भर पडली. एक पूर डोक्यावरून येतो, दुसरा पावागडकडून. पहिला डोळ्यांना दिसतो. दुसऱ्यासाठी आकडे बघावे लागतात.

चढलेलं पाणी लवकर उतरत का नाही, याचंही कारण आहे. बडोद्याच्या खाली जमीन जवळजवळ सपाट आहे. विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताकडे जातं. ढाढर स्वतःच दुथडी भरून वाहत असेल तर विश्वामित्रीला पुढे जायला वाट राहत नाही. पूर्वी नदीकाठची कोतरं हे जादा पाणी पोटात घेत. ती नागमोडी, झाडोऱ्याची घळ पाहून बाहेरच्याला ओसाड जागा वाटते, पण ती नदीचीच जागा आहे. गेल्या काही दशकांत अशी कितीतरी कोतरं भराव घालून बुजवली गेली आणि वर सोसायट्या उभ्या राहिल्या. 2024 नंतर शहरातल्या सुमारे 24 किलोमीटर पात्राची खोदाई आणि रुंदीकरण हाती घेतलं गेलं. पात्र मोठं झालं याचा उपयोग आहेच, पण बुजलेली कोतरं त्याने परत येत नाहीत, असं आम्हाला वाटतं.

जुन्या शहराचा बराच भाग तुलनेने उंचावर आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पूर पाहायला नदीकाठी जावं लागे, तो त्यांच्या घरात येत नसे. नव्या वस्त्यांचं तसं नाही. तेव्हा घर भाड्याने घेताना पार्किंग आणि वायफायबरोबर एक प्रश्न आणखी विचारावा: 2019 ला आणि 2024 ला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? दलालाला विचारून उपयोग नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला, वॉचमन, इस्त्रीवाला यांना विचारा, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. आणि नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. छाणी, निझामपुरा, फतेगंज या बाजूचं पाणी आणणारी भूखी कांस नदीला मिळते. नदी भरली की तिचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. गटारांचंही तेच होतं. तळमजल्यावर पाणी बहुधा दारातून यायच्या आधी न्हाणीच्या जाळीतून वर येतं. त्या जाळीवर आणि संडासाच्या भांड्यावर वाळूची पिशवी दाबून ठेवायची युक्ती जुन्या लोकांची आहे आणि ती बऱ्यापैकी चालते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आपण सुटलो असं वाटतं. पण खबरदारी म्हणून वीज बंद करतात. वीज गेली की लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणून पाचव्या मजल्यावर नळाला पाणी नाही आणि खाली कमरेइतकं. मोबाइल दुसऱ्या दिवशी मरतो. काळा घोड्याचा आकडा 20 च्या पुढे सरकू लागला की बादल्या, पिंप, बाटल्या भरून ठेवाव्यात, पॉवर बँक चार्ज करावी, थोडी रोकड काढून ठेवावी, कारण पेमेंटचं यंत्रही नेटवर्कवरच चालतं. मार्कशीट, ऑफर लेटर, आधार हे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर. पी.जी.त पलंगाखालच्या बॅगेत ते ठेवणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे!

गाडी तळघरातून वेळेत काढून उंचावर न्यावी. पाण्यात बुडालेली स्कूटर किंवा कार पाणी ओसरल्यावर चालू होते का ते बघण्याचा मोह आवरा. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की नुकसान वाढतं आणि विमा कंपनी तेवढ्यावर बोट ठेवू शकते. आधी नंबर प्लेटसकट फोटो काढा, कंपनीला कळवा, मग गाडी ओढून न्या. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाई त्यात मिळत नाही. ही गोष्ट मे महिन्यात तपासायची असते.

आता मगरींविषयी. विश्वामित्रीत मगरी आहेत ही दंतकथा नाही. 2025 च्या सुरुवातीच्या गणनेत त्या 400 च्या वर भरल्या. पुरात त्या पाण्याबरोबर सोसायट्यांत येतात. गढूळ पाण्यात व्हिडिओ काढत चालणं हा सर्वांत मूर्ख प्रकार. मगर दिसली तर लांब राहून वनखात्याला किंवा 112 ला कळवा. दगड मारू नका, तिला कोपऱ्यात गाठू नका. पाण्यातून चालण्यावाचून गत्यंतर नसेल तर बूट घाला, हातात काठी घ्या, उघड्या गटाराचा अंदाज घेत पुढे जा. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला तर "आम्ही पुराच्या पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. लेप्टोस्पायरोसिसचं निदान त्या एका वाक्याने लवकर होऊ शकतं.

ज्यांचं बडोद्यात कुणी नाही त्यांनी उंचावरच्या भागातलं एखादं ओळखीचं घर पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावं. आणि आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर एकटे काका-काकू राहत असतील, तर आजव्याचा आकडा वाढू लागताच खाली जाऊन त्यांची औषधं आणि गॅस सिलिंडर वर आणायला हात लावावा. पाणी पायरीशी आल्यावर सिलिंडर उचलणं जमत नाही.