स्वस्त तिकीट आणि बिरसीची धावपट्टी

गोंदियानजीकची बिरसीची धावपट्टी ब्रिटिश अमदानीतील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. परंतु ‘उडान’ योजनेतील विमान तेथून सुटण्यास मार्च २०२२ उजाडावा लागला, आणि ती सेवाही काही महिन्यांतच बंद पडली. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा सुरू केली. असे का घडते, हे कॅप्टन गोपीनाथ यांच्या कारकिर्दीवरून कळते.

लष्कर सोडून शेतीत रमलेल्या या कर्नाटकी गृहस्थाने १९९७ मध्ये हेलिकॉप्टर-सेवा आणि २००३ मध्ये ‘एअर डेक्कन’ काढली. एक रुपयाच्या तिकिटाने रेल्वेचा प्रवासी विमानात बसला. तोटा मात्र वाढत गेला आणि २००७ मध्ये ‘किंगफिशर’ने कंपनीत शिरकाव केला. २००९ मध्ये नागपूर केंद्र धरून सुरू केलेली मालवाहतूकही टिकली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’च्या आधाराने नाशिक-जळगावची विमाने निघाली, २०२० मध्ये तीही थांबली.

हे एका व्यक्तीचे अपयश मानणे अन्यायाचे ठरेल. मागणी आहे, हे त्यांनी सिद्ध केले. तथापि इंधन आणि भाडेपट्टा यांचा खर्च विमान रिकामे गेले तरी चुकत नाही. लहान शहरातील प्रवासी वेळापत्रकावर विश्वास बसल्यावरच रेल्वे सोडतो. तो बसेपर्यंतचा तोटा सोसण्यास भांडवल लागते. सरकारी साहाय्याची मुदत तर तीनच वर्षांची. म्हणूनच मार्ग बहाल करताना कंपनीचे साहस नव्हे, तिची गंगाजळी आधी तपासली पाहिजे. गोंदियाला उद्घाटने पुष्कळ झाली. हवे आहे ते रोजचे विमान.