प्रकल्पग्रस्त कोणाला म्हणावे?

विज्ञान, तंत्रज्ञान आणि पर्यावरण यांविषयीच्या धोरणांचा अभ्यास विद्यापीठांत स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो. परंतु त्यातले कसब पाहायचे तर शहादा तालुक्यातील वडछील किंवा काथर्दे दिगर येथील पुनर्वसन वसाहतींत जावे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे आली आणि तेथील अनेक आदिवासी कुटुंबे सातपुडा उतरून तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली.

येथे अभ्यासकापुढे पहिला प्रश्न संख्येचा नसून व्याख्येचा असतो. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 मध्ये सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले आणि चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदाराला किमान 2 हेक्टर जमीन देऊ केली. पण ज्याची शेती वनखात्याच्या दप्तरी अतिक्रमण ठरते, त्याच्या नावे सातबारा नसतो, आणि सातबारा नसेल तर वाडवडिलांपासून कसलेली जमीन त्याला कागदोपत्री गमावतासुद्धा येत नाही. जन्मनोंदच नसलेला मुलगा सज्ञान कधी झाला, हेही कोणीतरी ठरवावेच लागते. ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ प्रकल्पग्रस्त हा भेद यातूनच निघाला. जलाशयाची पूर्ण पातळी 138.68 मीटर, तिच्या वर राहिलेली पण पाण्याने वेढलेली जमीन, जिला येथे ‘टापू’ म्हणतात, अभियंत्याच्या नकाशात कोरडी दिसते, मात्र कसणाऱ्याला तिथवर नांगर नेता येत नाही.

या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. महाराष्ट्रातील पुनर्वसनाच्या मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये प्रतिकूल अहवाल दिला आणि 1993 मध्ये भारताने उर्वरित कर्ज सोडले. धरणविरोधी आंदोलनाच्या बाजूनेही सारे सरळ नव्हते: नदीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात क्षेत्रकार्य करणाऱ्या अमिता बाविस्कर यांनी 1995 च्या ग्रंथात जंगल तोडून केलेल्या ‘नेवाड’ शेतीची नोंद घेतली आणि निसर्गाशी एकरूप आदिवासी हे चित्र अपुरे असल्याचे दाखवले. सहानुभूती असूनही असे लिहिणे, ही अभ्यासकाच्या पेशाची खरी कसोटी होय.

हे अभ्यासाचे काम बहुतांशी बाहेरून आलेल्यांनी केले. पावरी बोलणारे, वसाहतीत वाढलेले विद्यार्थी आता शहाद्याच्या महाविद्यालयांत शिकतात. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने पुढचे प्रबंध त्यांच्याकडून लिहवून घ्यावेत.