डिंभ म्हणजे पूर्वज नव्हे

कर्वेनगरातल्या पावसाळी डबक्यातला टॅडपोल दाखवून आपण सांगतो: पाहा, बेडकाचा पूर्वज मासा! (हेकेलची 1866 सालची ही कल्पना केव्हाच मागे पडली, सवय तेवढी उरली.) जबडा नसलेल्या लँप्री माशाबाबतही तसेच झाले. त्याचा जवळजवळ आंधळा डिंभ वर्षानुवर्षे नदीच्या गाळात राहून अन्नकण गाळून खातो. पृष्ठवंशीयांचा पूर्वज असाच असावा, असे पुस्तके सांगत. पण 2021 साली दक्षिण आफ्रिकेतील सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीच्या लँप्री-पिल्लांच्या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध झाले. पीतक पोटाशी असतानाच त्यांना मोठे डोळे आणि दातेरी चूषमुख होते! म्हणजे ही डिंभावस्था मागाहून आली. सह्याद्रीतल्या झुडुपी बेडकांनी तर उलटेच केले: टॅडपोलला फाटा देऊन त्यांच्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो.