दुधाची किटली आणि मिश्रणाची गणिते

माण तालुका पर्जन्यछायेतला. ज्वारी-बाजरीचा भरवसा नाही, म्हणून दहिवडी-म्हसवडकडच्या पुष्कळ घरांचा रोजचा खर्च दुधावर चालतो. दुधाचा दर ठरतो तो दोन आकड्यांवर : फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ (प्रथिने, दुग्धशर्करा, क्षार). डेअरीची पावती वर्गातल्या निम्म्या मुलांनी तरी पाहिलेली असते. तरीही आपण मिश्रणाची गणिते शिकवतो ती आम्ल आणि द्रावणांच्या बाटल्यांनी. हे जरा नवलच आहे.

म्हशीचे दूध ६ टक्के फॅटचे आणि गाईचे ३.५ टक्क्यांचे आहे असे समजू. म्हशीचे ५ किलो आणि गाईचे १५ किलो दूध एकत्र केले, तर फॅट किती लागेल? मुलांना विचारून पाहा. बरीच मुले ६ आणि ३.५ यांची सरासरी काढून ४.७५ असे सांगतील. चूक बेरजेत नसते. ज्या गोष्टींची बेरीज होत नाही त्यांची बेरीज केलेली असते. टक्का हे गुणोत्तर आहे, किटलीत ओतता येईल अशी वस्तू नव्हे. ओतला जातो तो स्निग्धांश, आणि तो ग्रॅममध्ये मोजता येतो. म्हशीच्या १ किलो दुधात तो ६० ग्रॅम, म्हणून ५ किलोंत ३००. गाईच्या १ किलोत ३५ ग्रॅम, म्हणून १५ किलोंत ५२५. एकूण ८२५ ग्रॅम, २० किलो दुधात. म्हणजे ४.१२५ टक्के.

सगळ्या मिश्रण-गणितांचा पाया एवढाच आहे : मिसळण्यापूर्वी जेवढा पदार्थ होता, तेवढाच नंतरही असतो. हे वाक्य चिन्हांत लिहिले की समीकरण तयार होते. आता उलटा प्रश्न घेऊ. प्रमाणित दुधात किमान ४.५ टक्के फॅट लागते. गाईच्या १५ किलो दुधात म्हशीचे किती किलो मिसळावे? ते क्ष किलो मानू.

६०क्ष + ५२५ = ४५(क्ष + १५)

उजव्या बाजूच्या कंसाकडे लक्ष द्यावे. मुले तिथे नुसते १५ लिहितात, आणि मिश्रणाचे वजनही वाढले आहे हे विसरतात. कंस सोडवला की १५क्ष = १५०, म्हणून क्ष = १०. लक्ष्य ४.५ आहे. त्यापासून म्हशीचे दूध १.५ ने दूर, गाईचे १ ने दूर. आणि लागणारी वजने १० व १५. जे दूर आहे ते कमी लागते, तराजूच्या लांब बाजूला हलके वजन पुरते तसे. पाठ करून घेतली जाणारी तिरकस वजाबाकीची रीत याच समीकरणातून निघते. ती आधी शिकवू नये, असे माझे मत आहे.

मी मुद्दाम किलो वापरले. वजनांची बेरीज नेहमी होते, आकारमानांची होतेच असे नाही. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल मिसळले तर १०० मिलिलिटर भरत नाही, सुमारे ९६-९७ भरते.

पाणी हेही एक 'द्रावण'च आहे, शून्य टक्क्याचे! म्हशीच्या १०० किलो दुधात ६ किलो फॅट आणि ९ किलो एसएनएफ आहे असे समजा. त्यात १०० किलो पाणी ओतले, तर फॅट ३ टक्के उरते. केवळ हा आकडा पाहणाऱ्याला ते गाईचे पातळसे दूध वाटेल. पण एसएनएफ ४.५ वर आलेले असते, आणि गाईच्या दुधात ते साडेआठच्या आसपास असायला हवे. पावतीवर दोन आकडे असतात ते यासाठी.

पण हाच हिशेब चांगल्या कामीही आला. मुंबईत १९४६ मध्ये दारा खुरोडी यांनी 'टोन्ड' दूध आणले. (१९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मिळाला.) म्हशीचे घट्ट, महाग दूध पाण्याने वाढवायचे आणि त्यामुळे घटलेले घनपदार्थ स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या भुकटीने भरून काढायचे, ही ती कल्पना. आजच्या मानकानुसार टोन्ड दुधात फॅट किमान ३ आणि एसएनएफ किमान ८.५ टक्के हवे.

वरच्या १०० किलो दुधापासून ते किती होईल? पाणी व भुकटी या दोन्ही अज्ञात राशी, पण समीकरणेही दोन आहेत. भुकटीत फॅट नाही असे धरू. मग ६ किलो फॅट म्हणजे एकूण दुधाचे ३ टक्के, म्हणून एकूण दूध २०० किलो. त्यात एसएनएफ हवे १७ किलो; ९ आहेच, म्हणून भुकटी ८ किलो. उरलेले ९२ किलो पाणी. एका किटलीच्या दोन किटल्या झाल्या, आणि लेबलवर खरे काय ते लिहिले तर यात फसवणूक कोणाचीच नाही.

खऱ्या भुकटीत थोडा ओलावा असतो. तो ४ टक्के धरला, तर ०.९६ ने गुणलेली भुकटी ८ किलो भरायला हवी. भुकटी लागते ८.३३ किलो आणि पाणी ९१.६७ किलो.